कोरड्या तलावात लाल गाडी

पंचशीलाला एका जागी बसवत नसे. जळकोटच्या उदगीर रस्त्याला तिचं पत्र्याचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक नसलं की ती नटबोल्टचे पाने पुसून ओळीनं लावायची, मग उचलून दुसऱ्या फळीवर लावायची, मग दारात येऊन रस्त्याकडं बघायची. मागच्या खोलीतून आई, सरजाबाई, ओरडायची, "पंचे, टेक की माय जरा! पायाला भिंगरी बांधली का तुझ्या?"

भिंगरी होतीच. आयटीआय करून ती पुण्याला गेली होती आणि परदेशी गाड्यांच्या एका वर्कशॉपात चांगली मुरली होती. इंजिन उतरवायचं, बसवायचं आणि मग चाचणीला गाडी घाटात काढायची, हे तिचं रोजचं काम. घाटातल्या त्या फेरीसाठी ती अख्खा दिवस राबायची. मग सरजाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाप आधीच गेलेला, भाऊ नव्हता. पंचशीला रजा घेऊन आली ती राहिलीच. आई काठीवर चालायला लागली की परत जाऊ, असं म्हणता म्हणता दुसरा उन्हाळा लागला.

तो दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. जळकोटला चहाच्या हाटेलात दोनच विषय: टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. पंचशीलाच्या दारात उभे राहायचे तेही टँकरच. क्लच जळालेले, पाटे तुटलेले. ती ते दुरुस्त करायची, पण तिचं मन त्यात लागत नव्हतं.

अशात एका सकाळी ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधलेली एक लाल गाडी आली. मुखेडकडच्या एका बागायतदाराच्या पोरानं, सिद्धेश्वरनं, ती हैदराबादहून जुनी विकत घेतली होती. दिसायला साधी चार दारांची, पण इंजिनाला जादा हवा कोंबणारा टर्बो आणि ताकद चारही चाकांना. शर्यतीतली जात.

"ताई, तापून राहिली," सिद्धेश्वर म्हणाला. "वढत न्हाई. धूर सोडती. अन् वळवताना कडकड वाजती. समदे म्हणतेत, भंगारात घाल."

पंचशीलानं बॉनेट उचललं आणि ती आत वाकली. किती दिवसांनी! टँकरच्या गिअरबॉक्सखाली पडून राहिलेला तिचा जीव एकदम उठून बसला.

"रेडिएटरात पाणी कुठलं घातलं, भाऊ?"

"बोअरचं. दुसरं हाय कुठं?"

खोल गेलेल्या बोअरचं जड पाणी. नळ्यांत घागरीच्या बुडाला बसतो तसा पांढरा खर धरला होता. हवेच्या फिल्टरची मूळची पेटी काढून सिद्धेश्वरनं आवाज चांगला येतो म्हणून उघडी जाळी बसवली होती. त्या वाटेनं नांगरलेल्या रानांची धूळ टर्बोत जाऊन त्याच्या पंख्याची पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. मागच्या एका चाकाला टायर नवा, बाकी तीन झिजलेले.

"ही चारी चाकांनी वढती," तिनं सांगितलं. "तीन बैल सारख्या उंचीचे अन् एक थोराड जुंपला तर काय व्हईल? ताकद वाटणारा मधला गिअर सारखा भांडण सोडवत बसलाय. म्हणून कडकड."

सिद्धेश्वर हसला. "व्हईल का पण नीट?"

"व्हईल," ती म्हणाली. विचार करायला ती थांबलीच नाही.

टर्बो खोक्यात घालून, खोकं मांडीवर घेऊन ती एसटीनं नांदेडला गेली. तिथं वीरण्णा नावाचे म्हातारे कारागीर ट्रकचे टर्बो दुरुस्त करायचे. त्यांनी पंखा बोटानं फिरवून पाहिला.

"एवढुसा हाय, पण ट्रकापेक्षा जोरात फिरतो. ह्याला धूळ सोसत न्हाई, अम्मा. मी करतो. पण घाई करू नको."

घाई तर तिच्या अंगातच होती. वीरण्णांच्या दुकानापुढं ती येरझारा घालत राहिली. शेवटी त्यांनीच तिला हाताखाली घेतलं आणि नवा पंखा तोलून घेताना टॉर्च धरायला लावली. परतीच्या एसटीत तिला वाटलं, गाडी आपल्याला ड्रायव्हरनं चालवू द्यावी.

अडलं ते पाण्यापाशी. इंजिनाच्या पोटातला खर काढायचा तर लिंबूसत्त्वाचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. पाणी कुठून आणायचं? दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर भरलेले दोन ड्रम घेऊन आला.

"कुठलं?" पंचशीलानं विचारलं.

"टँकरवाला वळखीचा हाय."

म्हणजे वस्तीतल्या बुद्धविहारामागच्या टाकीत पडायचं पाणी. तिथं सकाळपासून घागरींची रांग लागलेली असायची. त्यांची स्वतःचीही घागर त्याच रांगेत. पंचशीलाला ते कळलं. तरी तिचा हात ड्रमच्या झाकणाकडं गेला. आज धुतली तर उद्या इंजिन चालू होईल, एवढंच तिला दिसत होतं.

सरजाबाई भिंत धरत दारात आली होती. ड्रमाकडं बघून ती परत आत गेली. पंचशीलानं झाकण घट्ट लावलं.

"परत घेऊन जा, भाऊ. टाकीत वत."

"मग गाडी?"

"गाडी थांबल."

घरच्या घागरीतलं आंघोळीचं पाणी तिनं अंग पुसून वाचवलं. तेच पाणी इंजिनातून फिरवायचं, घमेल्यात काढायचं, जुन्या लुगड्याच्या चौपदरी घडीतून गाळायचं, गाळ बसला की पुन्हा वरून ओतायचं. पहिल्यांदा ते ताकासारखं निघालं. रोज थोडं निवळत गेलं. शेवटी रेडिएटरात बॅटरीत घालतात ते क्षार नसलेलं पाणी आणि कूलंट भरलं. मधल्या गिअरचं जळकं तेल काढलं, त्यात चांदीसारखी भुकटी चमकत होती, नवं घातलं. टर्बो आणि फिल्टरची पेटी परत बसवली. सिद्धेश्वरनं एकसारखे चार टायर आणले. या सगळ्यात तिला धीर धरावा लागला, आणि धीर धरताना ती आईवर, टँकरवाल्यांवर, सगळ्यांवर खेकसत राहिली.

इंजिन चालू झालं त्या दुपारी सिद्धेश्वर मुखेडलाच होता. मालक यायची वाट बघायला हवी होती. तिनं बघितली नाही. चाचणी म्हणून ती एकटीच उदगीरच्या दिशेला निघाली.

फाट्यावर रास्ता रोको होता. जिल्ह्याच्या मागणीसाठी बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, घोषणा चालल्या होत्या. पंचशीलानं गाडी वळवली आणि पाझर तलावाच्या बांधावर घातली. तलावात पाण्याचा टिपूस नव्हता. भेगाळलेला गाळ पार पलीकडच्या काठापर्यंत पसरला होता.

तिनं गाडी तलावात उतरवली आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टर्बोनं श्वास भरला आणि गाडीनं तिला सीटमध्ये ढकललं. भुसभुशीत मातीत दुसरी गाडी रुतली असती, हिच्या चारी चाकांनी पकडून धरलं. तिनं वळण घेतलं. मागचा भाग जरा सरकला, पुढच्या चाकांनी ओढून सरळ केला. कडकड नाही. तापमानाचा काटा जागेवर. ती एकटीच मोठ्यानं हसली. पुन्हा वळण, पुन्हा. मागं धुळीचा डोंगर उठला होता.

धूळ बसली तेव्हा तिला बायका दिसल्या. तलावाच्या सखल कोपऱ्यात त्या झिरे खणून बसल्या होत्या, वाटीवाटीनं पाणी भरत. धूळ वाऱ्यानं सगळी त्यांच्यावर गेली होती. शेजारची गुणाबाई उठून उभी राहिली, केसांपासून पायांपर्यंत मातीनं भरलेली.

"पंचशीले! पाण्यात माती घातलीस गं! सकाळपून बसलेत आमी!"

पंचशीलानं गाडी बंद केली. तापल्या टर्बोची गाडी अशी एकदम बंद करायची नसते, हे ती गिऱ्हाइकांना बजावून सांगायची. आत्ता तिला ते आठवलंही नाही. ती उतरून झिऱ्यापाशी गेली. कळशीतलं पाणी गढूळ झालं होतं.

"मावशी, दिसलं न्हाई मला."

"तुला दिसतंय कुठं काही! इथं हायेस कुठं तू?"

पंचशीला गुडघ्यावर बसली, हातानं गाळ उपसायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. पाणी सुटायला फार वेळ लागत होता. ती उठून येरझारा घालू लागे आणि पुन्हा येऊन बसे. उन्हं कलली तेव्हा कळश्या भरल्या. त्या तिनं मागच्या सीटवर, डिकीत लावल्या आणि बैलाच्या चालीनं गाडी गावात आणली. गुणाबाई पुढं बसली होती. वाटेत ती म्हणाली, "चालवतीस मात्र झ्याक."

सिद्धेश्वर रागावला नाही, मातीनं माखलेली गाडी बघून त्यानं एवढंच विचारलं, "पळाली?" पुढच्या हिवाळ्यात तो नाशिककडच्या एका मातीच्या शर्यतीत उतरला आणि पंचशीलाला सोबत घेऊन गेला. त्याचा नंबर आला नाही. पण दुसऱ्या एका संघाची गाडी बंद पडली होती, तिचा टर्बो पंचशीलानं तिथंच मैदानात बदलून दिला. संघ कोइम्बतूरचा होता. त्यांनी तिला कामावर बोलावलं.

ती घरी आली. पाने पुसत बसली. शेवटी सरजाबाईनंच विचारलं आणि ऐकून घेतलं.

"मी आता काठीवर चालते. भाकर गुणाबाईकडं खाईन, तिनंच म्हणलंय. जा तू."

"अन् तुला काही झालं तर?"

"झालं तर येशील. इथं बसून रोज माझ्यावर वरडतीस, ते बरं हाय का?"

पंचशीला गेली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. जिल्हा मात्र झाला नाही, फाट्यावर अजून मधूनमधून बैलगाड्या आडव्या लागतात. पत्र्याच्या गॅरेजात आता एक टायरवाला बसतो. पंचशीला शर्यतींसोबत कधी डोंगरात असते, कधी वाळवंटात, आणि तिथून फोन करते. मागं इंजिनांचा गलका चाललेला असतो. सरजाबाईला निम्मं ऐकू येत नाही. ती फोन गुणाबाईच्या कानाला लावते आणि म्हणते, "इचार तिला, जेवली का."