मागून आलेली भरती
मी पदवीधर झालो तो आमच्या भूगोलाच्या सरांमुळे. माझ्याआधी घरातलं कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. परवा इथे आखातात, अल नहदा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमधलं कपाट आवरताना लेकीचे मिठाने पांढरे पडलेले छोटे बूट हाती लागले आणि तो रविवार आठवला. त्या रविवारी आम्ही उम्म अल क्वैनजवळचं एक मच्छीमार गाव बघायला गेलो होतो. मातीचा जुना बुरूज पाहिला, खजुराच्या बागेत डबा खाल्ला आणि फ्लेमिंगो जवळून दिसावेत म्हणून ओल्या वाळूवरून पार आत चालत गेलो. समोर समुद्र अजून लांब होता. किनाऱ्यावरून एक म्हातारे कोळी दोन्ही हात हलवत होते. "किती प्रेमळ माणसं आहेत हो इथली!" बायको म्हणाली, आणि आम्हीही हात हलवले. मग लेक कुरकुरली, "बाबा, माय शूज आर वेट." बायकोने मागे वळून पाहिलं. "अहो, आपण आलो ती वाळू कुठंय?" आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये खाडी भरली होती. आम्ही दुष्काळी भागातली माणसं, पोहता कुणालाच येत नव्हतं. लेकीला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरलो. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकू लागली, बायकोचा हात माझ्या हातातून निसटायला लागला. तेवढ्यात ते कोळी होडी घेऊन आले आणि "यल्ला, यल्ला!" म्हणजे 'चला, लवकर!' असं ओरडत त्यांनी आधी लेकीला, मग आम्हाला वर ओढलं. दुसऱ्या दिवशी सरांना पत्र टाकलं: "सर, आम्ही तिघं सुखरूप आहोत. तुम्ही फळ्यावर भरतीचा बाण समोरून काढायचात, म्हणून मी समोरच बघत राहिलो. आता मुलांना शिकवाल तेव्हा एक बाण मागूनही काढाल का?"