तुळशीराम बाजारात पडला

"तुळशीराम पडला," फोनवर पुतण्या म्हणाला आणि हसला. मीही हसलो. आमच्या अमडापुरात तुळशीराम पडणं ही बातमीच नव्हती. एके काळी तो दर बाजाराला नेमानं पडायचा आणि गाव त्याला वळसा घालून मेथी घ्यायचं. मग माझं हसू आटलं... त्यानं दारू सोडून सहा वर्षं होत आली होती.

गाव मात्र जुन्या सवयीनं वागलं. आपल्याच वांग्यांच्या ढिगाशेजारी छाती धरून तो कोसळला, तेव्हा लोकांनी वळसा घातला. कुणा प्रेमळ माणसानं ऊन लागू नये म्हणून तोंडावर पोतं टाकलं. दुसऱ्यानं चपला काढून उशाशी नीट जोडून ठेवल्या. बाजार उठताना त्याची लेक मंदा माल आवरायला आली आणि तिनं पोतं उचललं. पडल्यावरही बराच वेळ जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. थेंबही न घेता दिवसभर बरळू शकणारा माणूस म्हणून गावात माझी ख्याती आहे. दारू सोडायचं तुळशीरामनं आधी मलाच सांगितलं. बाजारात आडवा असताना त्याला मंदाच्या चपला दिसल्या होत्या. त्याही वळसा घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "मले कुठंतरी ने," म्हणाला.

दारू सोडणाऱ्यांची बैठक चिखलीत भरते, एवढंच ऐकून होतो. पण कुठे, ते कोण सांगणार? ज्याला ठाऊक, तो कबूल कशाला करेल? दोन दिवस हिंडलो. शेवटी पत्ता दिला तो देशी दारूच्या दुकानदारानं. "मले नाही तर कोणाले माहीत राहीन बे?" तो तोंड कडू करून म्हणाला. "माह्ये पक्के गिऱ्हाइकं तिथंच तर गेले. बालवाडीची खोली, रविवारी. जा, तुम्हीबी जा. बसवा माह्यं दुकान."

खोलीच्या भिंतीवर ससा, हत्ती आणि पोपट. खाली इवल्या बाकांवर मोठे बाप्ये, गुडघे कानाशी घेऊन बसलेले. तुळशीरामनं दार ढकललं, तर समोर आमच्याच गावचे प्रल्हाद गुरुजी! पंधरा ऑगस्टला व्यसनमुक्तीवर तासभर बोलणारे, निवृत्त, अत्यंत आदरणीय. तुळशीराम उलट्या पावली निघाला.

"बस," गुरुजी म्हणाले. "शाळेतही तू उशिराच यायचास."

तिथले रिवाज दोनच. उभं राहून नाव सांगायचं, रोग सांगायचा, आणि सगळ्यांनी एका सुरात 'राम राम' म्हणायचं, हा पहिला. दाराबाहेर कुणी कुणाला ओळखायचं नाही, हा दुसरा. "मद्यपी म्हणावं," कुणीतरी सुचवलं. "मद्यपी मोठ्या घरचे राह्यतेत," तुळशीराम म्हणाला. "मी आपला बेवडा." त्या दिवसापासून सगळी खोली बेवडी झाली. मी त्याला गाडीवर सोडायचो आणि खिडकीखाली बसून सगळं ऐकायचो. परक्याच्या मयतीत तो पिऊन गेला, सर्वांत मोठ्यानं रडला, आणि मग 'मेलं कोण?' म्हणून विधवेलाच विचारलं, हे तो सांगत होता तेव्हा मी तोंडात रुमाल कोंबला होता.

स्मशानात निघण्याआधी मंदानं माझा हात धरला. "काका, तिथं कोणीतरी सांगा. बाबा पेलेले नव्हते." मी मान हलवली, पण माझं कोण ऐकणार? मी खरं सांगू लागलो की गाव हसायला तयारच असतं.

आमचे पुढारी सर्वांत आधी बोलले. "दारूनं गावाचा एक हिरा नेला. तरुणांनी बोध घ्यावा." मंदा मान खाली घालून उभी होती. गर्दीत चिखलीच्या खोलीतली मंडळी मला दिसत होती. खताचा दुकानदार पूर्वेला तोंड करून, एसटीचा कंडक्टर पश्चिमेला, पुढाऱ्यांचे जावई तुपाचा डबा धरून. कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

मग गुरुजी पुढे आले. दोन सभ्य वाक्यं बोलून मागे फिरायचा त्यांचा बेत असावा. त्यांनी चष्मा पुसला, हात जोडले, आणि इतक्या रविवारांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"मी प्रल्हाद. मी बेवडा."

आणि चारी कोपऱ्यांतून, एका सुरात, "राम राम, प्रल्हाद."

दुकानदार बोलला, कंडक्टर बोलला, तुपाचा डबा बोलला. आणि सर्वांत खणखणीत आवाज माझा होता.

अख्खं स्मशान आमच्याकडे वळलं. त्या क्षणी तिथे एकटा तुळशीरामच निवांत होता. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला... मग त्यांनी हात सोडले.

"निघालंच आहे तोंडातून, तर ऐका. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं थेंब घेतला नाही. तुम्ही ज्याच्या तोंडावर पोतं टाकलं, तो प्यालेला नव्हता. तो मरत होता."

मंदानं मान वर केली.

जावयांचं सासरी काय झालं, ते विचारू नका. माझ्याकडे मेहुणे समजूत घालायला येतात. मी जितकं 'पीत नाही' म्हणतो, तितकी त्यांची खात्री पटते.

परवाच्या बाजारात एक माणूस असाच आडवा झाला. कुणी वळसा घातला नाही. एकानं कांदा फोडून नाकाशी धरला, दोघं तळपाय चोळू लागले, पुढारी स्वतः रिक्षासाठी ओरडत धावले. बापाच्या जागेवर भाजी विकणारी मंदा माल टाकून आली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं श्वास लागतो का ते पाहिलं. त्या गृहस्थानं एक डोळा उघडला आणि आम्हा सगळ्यांच्या आयांचा उद्धार केला.

मंदानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"पेलेला हाय, काका," ती म्हणाली. "नुसता पेलेला हाय."