वरच्या खोलीतला फोन

माझी आई गेली तेव्हा धाकटी माझ्या पोटात होती. सातवा महिना, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली, त्यामुळे भारतात जाऊन तिचं शेवटचं दर्शनही घेता आलं नाही. पुढे धाकटी झाली, रांगायलाही लागली, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. मग फॅमिली डॉक्टरांनी एका अमेरिकन थेरपिस्ट बाईंचा नंबर दिला.

तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं आणि आम्ही अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात नवे होतो. फोन करायचा म्हणून मी केस विंचरले, टिकली लावली. जणू बाई मला रिसीव्हरमधून बघणार होत्या!

"कशा आहात?" बाईंनी विचारलं.

"फाइन! तुम्ही कशा आहात? घरचे सगळे बरे?"

बाई हसल्या. मग सगळं समजावलं. आठवड्यातून एकदा यायचं, पन्नास मिनिटं बसायचं, जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. मी आपली "येस, येस" करत होते.

"त्रास काय होतोय?"

"विशेष काही नाही हो. तुमच्याकडे गर्दी असेल. खरी गरज असलेल्यांना आधी घ्या."

पंगतीत 'आधी तुम्ही बसा' म्हणावं, तसं! अशी मी शहाणी.

"इथं बोललेलं आपल्या दोघींतच राहील," बाई म्हणाल्या आणि लाइनवर कोणीतरी खोकलं. आमच्या ह्यांनी ऑफिसला फोन लावायला वरच्या खोलीतला, त्याच लाइनचा रिसीव्हर उचलला होता, तो खाली ठेवलाच नव्हता.

"ती फाइन नाहीये," हे इंग्रजीत म्हणाले. "आई गेल्यापासून ती धड जेवत नाही."

"अहो, ठेवा फोन!"

"नाही ठेवणार."

मग बाईंनी फक्त मला विचारलं, "तुम्हाला स्वतःला यायचंय का?"

"हो," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी दहाची वेळ ठरली. त्या दिवशी बाळाला आपण सांभाळू, असं ह्यांनी वरूनच जाहीर केलं. बाईंनी फोन ठेवला. आम्ही दोघं लाइनवर तसेच, मध्ये एक जिना.

"अगं, आहेस ना?"

"हं."

"आईंचा विषय काढला की तुला जास्त त्रास होईल, असं वाटायचं. म्हणून काढलाच नाही."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

तेवढ्यात, फोन फार वेळ नुसताच उचललेला राहिला म्हणून, रिसीव्हरमधूनच कर्कश आवाज यायला लागला. तरी मी रिसीव्हर ठेवेना. शेवटी हे खाली आले, तो माझ्या हातातून सोडवला आणि कुकर लावायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा!

"किती शिट्ट्या?"

विचारलं खरं, पण त्यांनी मनानेच होऊ दिल्या. भाताचा पार लगदा झाला. आम्ही दोघं तो खात आईबद्दल बोलत बसलो.