बंद झालेल्या दुर्बिणीचं रबर

दुर्बिणीतून मी पहिल्यांदा नीट पाहिलेला पक्षी मरत होता.

जालन्याबाहेर आमच्या बियाण्याच्या कंपनीचा बाजरीचा प्लॉट होता. मचाणाखाली उभा राहून मी नवी घेतलेली दुर्बीण एका पोपटावर स्थिर करत होतो. तो कणसाला उलटा लटकून दाणे सोलत होता. चोचीचा लाल बाक, गळ्यावरची काळी रेघ, डोळ्याभोवतीचं फिकट कडं, सगळं हाताच्या अंतरावर आलं होतं. मग माझ्या डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं, आणि पोपटाचं डोकं जिथे होतं तिथे नव्हतं. धड अजून कणसाला धरून होतं. पंजे सुटायला थोडा वेळ लागला.

मचाणावरून राखणदारानं विचारलं, "लागला का, सर?"

"लागला."

"इथून बराबर दिसलं न्हाई. पडला का उडाला?"

"पडला."

"मंग ठीक," असं म्हणून त्यानं गोफणीत दुसरा खडा घातला.

या राखणदाराला सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. लांडगा कळपावर आला की त्याच्या कपाळात खडा घालायचा, एवढं शिक्षण त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. मेंढरं गेली, गोफण राहिली, आणि कंपनीनं ती प्लॉट राखायला नोकरीवर ठेवली. मी प्लॉटवर पाखरांनी केलेलं नुकसान मोजणारा अधिकारी होतो, म्हणजे मामांचा नेम किती चुकला हे वहीत लिहिणारा माणूस. ते चुकायचे कमी, त्यामुळे मला वेळ पुष्कळ असायचा, आणि त्या वेळात मी पक्षी बघायला लागलो.

पक्षीनिरीक्षण हा मनाला शांतता देणारा छंद आहे असं जे लिहितात, त्यांनी बहुधा पक्षी पाहिलेले नसावेत. बांधावरच्या बाभळीला खाटीक पक्षी जिवंत सरडा काट्यात खोचायचा आणि दुसरा आणायला जायचा. शिक्रा साळुंकीला पायाखाली दाबून पिसं उपटायचा, ती ओरडत असतानाच. कावळे चिमणीचं पिल्लू खोप्यातून ओढायचे, दोघं दोन बाजूंनी. साध्या डोळ्यांना हे सगळं दूरची फडफड वाटते. दुर्बीण ते आठ पटींनी जवळ आणते आणि मान वळवायची सोय ठेवत नाही. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. दुपारच्या भाकरीनंतर ते दुर्बीण मागून घ्यायचे आणि खाटकाच्या बाभळीकडे बघत बसायचे. "मानूस बरा ह्याच्यापरीस," असं एकदा म्हणाले. तेव्हा मला ते पटलं होतं.

दुर्बीण जुन्या घडणीची होती, खांदे बाहेर आलेली, काळी, जड. पुण्यातल्या एका कॅमेरावाल्याकडून घेतलेली. पुढे बाजार बदलला. खांदे गेले, सरळ नळीच्या दुर्बिणी आल्या. त्यांच्या माहितीपत्रकावर बर्फाच्या डोंगरासमोर उभा असलेला एक दाढीवाला असायचा आणि खाली 'निसर्गाशी एकरूप व्हा' असं काहीतरी लिहिलेलं. किंमत मोटारसायकलच्या आसपास. शहरातल्या पक्षीप्रेमी मंडळात लोक पाखरांआधी एकमेकांच्या गळ्यात काय आहे ते बघायला लागले. चिमणी बघायलाही ते जंगली रंगाचा अंगरखा घालून यायचे, जणू चिमणीनं ओळखलं तर अब्रू जाईल. माझी दुर्बीण बघून एक डॉक्टर म्हणाले, "वा, विंटेज." मला मनातून बरं वाटलं. दुसऱ्याच्या मिरवण्याला हसणाऱ्या माणसाचं स्वतःचं मिरवणं असं असतं. माझी जुनी, म्हणून माझी खरी.

दहा-बारा मराठवाडी उन्हाळ्यांत दुर्बिणीचं एकच अंग गेलं. डोळ्याला लागतो त्या भागावरची रबरी टोपणं तडकली आणि एके दिवशी चुरा होऊन खाली पडली. मागे उरलं धातूचं उघडं कडं, धारदार म्हणावं इतकं पातळ. मी दुर्बिणीच्या कंपनीला लिहिलं. अत्यंत नम्र उत्तर आलं. हे मॉडेल बंद करण्यात आले आहे, सुटे भाग उपलब्ध नाहीत, आपल्या प्रदीर्घ विश्वासाबद्दल आम्ही ऋणी आहोत, सोबत नव्या मालिकेची माहिती जोडत आहोत. सोबत तोच दाढीवाला होता.

नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझा चष्मेवाला होता. त्यानं कड्यावरून अंगठा फिरवला.

"सर, सायकलची ट्यूब कापून चढवून देतो. पाच मिनिटांचं काम."

"नको."

"का हो?"

"बरं दिसणार नाही."

"पाखरं काय तुमच्याकडं बघणार हायेत का?"

मी हसलो आणि दुर्बीण पिशवीत ठेवली. मला चष्मा असल्यामुळे ते कडं माझ्या डोळ्याला कधी लागलंच नाही. काचेला बारीक चरे पडायचे, तेवढंच. चष्मा नसलेले मामा ते कडं थेट डोळ्याला लावायचे, हे मी रोज बघत होतो. बघण्याचाच तर छंद होता.

एका मार्चमध्ये मी मामांना मोटारसायकलवर घेऊन शहागडला गेलो. गोदावरीच्या पात्रात वाळूचं बेट उघडं पडलं होतं आणि त्यावर नदी सुरयांनी, म्हणजे मासे टिपणाऱ्या करड्या-पांढऱ्या पाखरांनी, अंडी घातली होती. सुरय घरटं बांधत नाहीत. वाळूत खळगा करतात आणि अंडं ठेवतात, जगावर विश्वास टाकून. मामांची बहीण जवळच्याच गावात दिलेली होती. आधी पाखरं, मग बहिणीकडे जेवण, असं ठरलं होतं.

सकाळचे नऊ वाजले असतील. काठावर बसून मामांनी दुर्बीण लावली आणि बेटावरून सावकाश फिरवली.

"दिसलं का?"

"मादी बसून राह्यली. नर मासा घेऊन आल्ता, तिनं घेतला न्हाई." मग थोड्या वेळानं, "सर, ह्यांच्या मांगं ट्रॅक्टर हायेत."

होते. बेटाच्या पलीकडच्या टोकाला चार-पाच ट्रॅक्टर वाळू भरत होते आणि दर फेरीला थोडे अलीकडे सरकत होते. मामांना ट्रॅक्टरांत रस नव्हता. चाक अंड्यांपासून किती लांब आहे, एवढंच ते बघत होते.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. दोघं उतरले. एक तरुण, हातात कमरेचा पट्टा काढून गुंडाळलेला. दुसरा जाडसर, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातला.

"काय शूटिंग करून राह्यला रे?" तरुण म्हणाला.

मामांनी दुर्बीण खाली न घेताच आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तरुणानं पुढे होऊन तळहातानं दुर्बिणीवर समोरून दणका दिला. दुर्बीण तिरकी झाली आणि डावं कडं डोळ्यात गेलं. ओल्या मातीत खुरपं रुतावं तसा आवाज झाला. मामा पुढे वाकले आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या कानाखाली बसली. चष्मा गेला. मग पट्टा बसला, पाठीवर, मानेवर, आणि मी पडल्यावर बरगडीत बूट. पुस्तकांत मार खाणारी माणसं काहीतरी विचार करत असतात. मला फक्त चष्मा कुठे पडला एवढंच सुचत होतं. वाळू चाचपडताना तरुणानं माझ्या बोटांवर पाय दिला.

"तहसीलचा हाये ना तू? कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?"

"शानपना न्हाई करायचा. मेमरी कार्ड."

"यात कार्ड नसतं. ही दुर्बीण आहे. आम्ही पक्षी बघत होतो."

"मंग सेव्ह कुठं होतं?"

"कुठंच होत नाही."

"सेव्हच होत न्हाई तं बघायचं कशाला?"

त्यानं दुर्बीण दगडावर आपटली. तिसऱ्या दणक्याला डावी नळी फुटली आणि आतला लोलक घरंगळत वाळूत आला, तिकोनी, स्वच्छ, उन्हात चमकणारा. त्यानं तो उचलला.

"हे काय?"

"लोलक. काच आहे नुसती."

"ह्याच्यातच असंल," पांढरा शर्ट म्हणाला. आमच्या दुर्बिणीचा लोलक पुरावा म्हणून इस्त्रीच्या खिशात गेला.

पांढऱ्या शर्टानं मग उरलेली नळी डोळ्याला लावली, हळूच, कडं न टेकवता. समोर सुरय, मागे ट्रॅक्टर.

"पाखरं तं हायेत," तो म्हणाला. "पन आपल्या गाड्यांचे नंबर बी दिसून राह्यले, बराबर. कुठं भेटतं हे?"

"आता मिळत नाही. बंद झालंय."

"बंद झालं तं तुझ्याकडं कसं?"

तेवढ्यात त्याचं लक्ष मामांच्या बोटांकडे गेलं. बोटांमधून जे येत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. त्यानं दुर्बीण माझ्या अंगावर टाकली.

"चल रे. आन तुमी दोघं पडले, समजलं ना? कोनी मारलं न्हाई."

मोटारसायकल मीच चालवली, अर्ध्या चष्म्यानं. मामा मागे बसले होते, डोळ्यावर पटक्याची घडी दाबून. अंबडपर्यंत त्यांनी घडी दोनदा बदलली. मग माझ्या पाठीशी तोंड आणून विचारलं, "सर, गोफन एका डोळ्यानं बसते का?"

"डॉक्टर बघतील."

"डॉक्टर काय बघनार? गोफन तुमी बघितली हाये इतके वर्षं. तुमी सांगा."

मी ट्रकवाल्याला हॉर्न दिला.

जालन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं. मामा म्हणाले, "पडलो."

"कशावर?"

मामांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. बहिणीचं शेत नदीकडेच होतं आणि तिच्या घरच्यांना त्याच वाटेनं रोज जायचं होतं. "दुर्बिनीवर," ते म्हणाले.

मीही तसंच सांगितलं. पोलिसांत गेलो नाही. अन्यायाबद्दल मी मंडळात पुष्कळ बोललो आहे, चांगल्या भाषेत.

डॉक्टरांनी दुर्बीण मागून घेतली आणि कड्यावरून बोट फिरवलं, अगदी चष्मेवाल्यासारखं.

"याला रबर असतं ना?"

"असतं."

"मग?"

"कंपनीनं बंद केलं."

डॉक्टरांनी मान हलवली. कंपन्या असंच करतात, अशी. मी ती मान तशीच हलू दिली. रबर असतं तर एवढी जखम झाली नसती, असं ते कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी मामांचा डावा डोळा काढावा लागला.

पावसाळ्यानंतर बाजरी भरली आणि मामा मचाणावर आले. माझ्यासमोर त्यांनी पहिला खडा टाकला. पोपट होता त्याच्या दोन हात अलीकडे कणीस तुटून पडलं. दुसरा खडा पलीकडे. दिशा बरोबर होती, अंतर कळत नव्हतं. दिवसभर खडे टाकले तरी अंतर सापडेना, आणि पोपटांनाही ते समजलं. ते उडेनासे झाले. त्या हंगामात माझ्या वहीतले आकडे वाढत गेले आणि मी ते खाली ओढून लिहीत गेलो. वरच्यांना तेही कळलं. त्यांनी प्लॉटवर दर काही मिनिटांनी आपोआप धडाका करणारी गॅसची बंदूक बसवली. तिला डोळे लागत नाहीत. मामांना फाटकावर बसवलं.

शहागडच्या पुलावरून नंतर एकदा जाणं झालं. बेट नव्हतं. पुलाच्या कठड्याला टेकून दोन तरुण उभे होते आणि दोघांच्या गळ्यात हिरव्या रंगाच्या स्वस्त दुर्बिणी होत्या. तहसीलची जीप कुठून येते ते बघायला. पुलाच्या तोंडाशी एका टपरीवर, मोबाईलच्या कव्हरांशेजारी, तशा डझनभर टांगलेल्या होत्या. आमच्या भागात दुर्बिणीचा बाजार इतका तेजीत कधीच नव्हता. मी एक हातात घेऊन बघितली. चित्र धुरकट होतं, कडेला रंग फुटत होते. डोळ्याला लागणारं रबर मात्र जाड आणि मऊ होतं.

मोडकी दुर्बीण मी कपाटात ठेवली होती. दिवाळीच्या आधी मामांनी ती मागितली. "एक नळी तं चालू हाये," ते म्हणाले. "मला तेवढीच लागती." मी दिली. आठवडाभरानं ते ती फाटकावर मला दाखवायला घेऊन बसले होते. दोन्ही कड्यांवर सायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्या चढवलेल्या होत्या, मोडक्या नळीवरसुद्धा. कडा दुमडून आत घेतल्या होत्या, सफाईनं. मला वाटलं होतं तितकं वाईट दिसत नव्हतं.

"बगा लावून," ते म्हणाले. "आता कोनी मारलं तरी लागायचं न्हाई."

मी चष्मा काढला आणि डोळ्याला लावून बघितली. लागत नव्हतं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"ह्याला काय लागतं, सर," मामा म्हणाले. "पाच मिन्टं."