आक्का आणि पडद्यावरच्या पट्ट्या

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्वजण आक्का म्हणतो, तरुणपणी तापात बहिरी झाली. कपड्यांच्या कारखान्यात तिने आयुष्यभर काज-बटण करण्याचे काम केले. तेथे यंत्रांच्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून सगळ्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. आक्का त्यात तरबेज झाली. पुढे घरातही तीच रीत पडली. तिला आपले ओठ नीट दिसावेत म्हणून मेहुण्यांनी मिशा काढल्या, त्या परत कधी ठेवल्या नाहीत.

टीव्हीचा तिला लळा होता आणि त्यावरच्या पट्ट्यांचा मनस्वी राग. माणूस बोलू लागला की खालून एक पट्टी सरपटत येते, तिच्यावर दुसरी चढते, कोपऱ्यात साबणाची वडी उड्या मारते, आणि बोलणाऱ्याची आधी हनुवटी, मग ओठ बुडून जातात. मी उतारवयात प्रौढवर्गात अक्षरे शिकलो, त्यामुळे मला त्या पट्ट्या वाचण्याची हौस होती. आक्का टोमणा मारी, "वाच, वाच. लोकांची तोंडं झाकून तुझा अभ्यास चाललाय."

तिची एकुलती मुलगी दूरच्या शहरात उंच मनोऱ्यांवर चढून विजेच्या तारा दुरुस्त करते. तिने ही नोकरी धरली तेव्हा मायलेकींचे कडाक्याचे भांडण झाले. "तुझ्या दारात पाय ठेवणार नाही," असे आक्का म्हणाली आणि बोलणे तुटले ते तुटलेच.

एके दिवशी मेहुण्यांनी बातमी आणली की वादळात केलेल्या कामाबद्दल मुलीची मुलाखत दाखवणार आहेत. त्या दुपारी आक्का पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसली.

"अगं, आम्हाला तुझी पाठच दिसतेय," मेहुणे तिच्या बाजूला वाकून, तिला ओठ दिसतील असे म्हणाले.

"तुम्हाला कान आहेत ना? मग ऐका."

पट्ट्यांच्या फटीतून तिच्या हाती अर्धेमुर्धे लागत होते. शेवटी निवेदिकेने विचारले, "घरच्यांना काही सांगायचंय?"

मुलीने थेट समोर पाहिले आणि ओठ हलवले. आम्हाला काहीच ऐकू आले नाही, कारण तिने आवाजच काढला नव्हता. ती आईशी घरच्या रीतीने बोलत होती. नेमकी तेव्हाच रंगाच्या डब्याची जाहिरात खालून वर आली आणि तिच्या नाकापर्यंत चढली. आक्काने तळहाताने काच पुसली, पुन्हा पुसली. कार्यक्रम संपला.

"काय म्हणाली?" तिने वळून विचारले.

मेहुणे म्हणाले, "बरी आहे म्हणाली. काळजी करू नका म्हणाली."

आक्काने त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिले. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मिशा होत्या तेव्हा थोडंफार जमायचं."

मुलीला चित्राचा फोन लावू का, असे मी विचारले.

"फोनवर चित्र अडकतं. परत अर्धवटच राहायचं," ती म्हणाली आणि पिशवी भरायला उठली.

सकाळी मी तिला गाडीपर्यंत पोहोचवले. वाटेत विचारले, "इतक्या वर्षांनी जातेस, बोलणार काय तिच्याशी?"

"मी कशाला बोलू? ती बोलत होती. तिचं आधी पुरं होऊ दे."

पिशवी माझ्या हातातून घेऊन ती गाडीत चढली. आणखी काही सांगावे असे मला वाटले, परंतु ती पाठमोरी होती, म्हणून मी बोललो नाही.