सुमनमावशींची थंड शेगडी

सुमनमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की चपला काढण्याआधी विचारायच्या, "शेगडी कुठं हाय?" बाळंतिणींना न्हाऊ घालायचं, मालीश करायचं आणि निखाऱ्यांवर शेक द्यायचा, हे त्यांचं चाकणकडचं जुनं काम. मारुंजीतल्या आमच्या इमारतीत निखारे पेटवायला सोसायटीची बंदी होती. मी त्यांना लाल दिव्यांचा पॅनल दाखवला. अंगावर पाजताना पडलेल्या चिरा लवकर भरतात म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला दिला होता.

मावशींनी त्याच्यावर हात धरून पाहिला. "ह्याला धग न्हाई गं पोरी. पर रंग इंगळाचाच हाय."

दुसऱ्या दिवशी त्या टेम्पोतून स्वतःची नायलॉन पट्ट्यांची खाट घेऊन आल्या. पॅनल खाटेखाली उताणा ठेवला आणि मला वर पालथं झोपवलं. तो असा वापरतात असं कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. मी इंजिनिअर आहे, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. बाळ ओढायला लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि दूधही पुरत नव्हतं. डॉक्टरांनी बाळाला छातीशी नीट धरायला शिकवलं. दिव्याची खात्री त्यांनी दिली नाही, बाळाच्या डोळ्यांवर उजेड नको एवढं बजावलं. पुढच्या वेळी बाळाचं वजन वाढलेलं नसेल तर वरचं दूध सुरू करायचं ठरलं. मला ते नको होतं. मी घाबरले होते.

शेकावरच्या बाईला हाक मारायची नाही, हा मावशींचा नियम. सासूबाई पाहुण्यांना घेऊन आल्या की दाराबाहेर बसलेल्या मावशी मांडीवरचं बाळ न हलवता म्हणायच्या, "शेकावर हाय ती. इस्तू इझंस्तोवर आत जायचं न्हाई." सासूबाईंनीही आपल्या वेळी शेक घेतला होता, त्या निमूट मागे फिरायच्या. दिवा थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचा. बाहेर बसलेल्या मावशींच्या लेखी विस्तव पेटलेलाच असायचा. मी गाढ झोपायचे.

वजन वाढलं. श्रेय दिव्याचं, डॉक्टरांचं की झोपेचं, मला सांगता येणार नाही. मावशींना शंकाच नव्हती. "शेकाचं. दुसरं कशाचं?"

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "तुमच्या बाळंतपणात शेगडी कुणी पेटवली, मावशी?"

"मला कोन पेटवनार? बारसं झालं की भोसरीला वर्कशॉपात कामावर." दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मी खाटेकडे बोट दाखवलं.

"म्हातारीला कसला गं शेक?" त्या हसल्या, आणि मग आडव्या झाल्या. मी दिवा लावून दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेर राहिलेला त्यांचा फोन वाजला. सून होती. तिची बाळंतपणं मावशींनीच केलेली. सासू स्वयंपाकाला कधी येणार, असं ती विचारत होती.

"मावशी शेकावर आहेत," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "उठवू नगा."

दिवा केव्हाच बंद झाला असणार. मी बाळाला मांडीवर घेऊन दाराबाहेर बसून राहिले.