खुंटीवरचा कोट

आमच्या कंपनीत रोज सकाळी सात वाजता, मशिनी चालू व्हायच्या आधी, सगळी लाइन रांगेत उभी राहते. आधी हातपाय हलवायचे, मग सेफ्टीची शपथ, मग सुविचार. सुविचाराला पाळी असते आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. ज्याची पाळी असेल त्यानं तो बोर्डावर लिहायचा, मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बहुतेक जण पहाटे मोबाइलवर आलेला सुविचार उतरवतात, फक्त त्यातलं गुलाबाचं फूल तेवढं वगळतात. अख्ख्या चाकणमध्ये माणसं अशा टाळ्या वाजवून कामाला लागतात, पण सुविचारामुळं कुणी सुधारलं किंवा बिघडलं असं माझ्या ऐकिवात नव्हतं. म्हणून तर मी बिनघोर होतो.

माझं एक गाणं होतं. माझं म्हणजे काय, लिहिलं होतं कुणा गोऱ्या माणसानं, पण माझ्यासाठी. ताथवड्याला इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. चौघांचे काळे टी-शर्ट, चौघांचे केस मानेपर्यंत आणि चौघांचं मिळून एकच शाम्पू. गाणारा इतका जीव तोडून ओरडायचा की शब्द कळायची सोय नव्हती. म्हणून इंटरनेटवरून शब्द छापून आणले आणि भिंतीला चिकटवले. गाण्यात एक माणूस आपला कोट खुंटीवरच सोडतो, दार उघडतो आणि चालू लागतो. मागं वळून बघत नाही. बस्स, एवढंच. बाकी सगळी गिटार.

एवढ्याशा गाण्यात आम्ही काय काय कोंबलं होतं, देवा! एकाला त्यात त्याला नाही म्हणालेली मुलगी दिसायची. दुसऱ्याला मॅथ्स-थ्रीचा राहिलेला पेपर. तिसरा म्हणायचा, कोट म्हणजे समाज. आम्ही माना डोलवायचो, कारण समाज म्हटलं की पुढं विचारायचं नसतं. मला मात्र पक्की खात्री होती की हे गाणं माझ्याविषयी आहे. मी आयुष्यात कोट घातलेला नव्हता, आमच्या खोलीत खुंटी नव्हती, आणि निघायचं म्हटलं तर मी अजून कुठं पोचलोच नव्हतो. तरीसुद्धा ते माझ्याविषयीच होतं.

मग नोकरी लागली, केस कापले. पुढची बारा वर्षं मी चिंचवड स्टेशनपासून कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसायचो आणि कानात गाणं लावायचो. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये ते रंगात यायचं. शेवटच्या कडव्यापर्यंत मी मनातल्या मनात राजीनामा दिलेला असायचा, आणि गेटवर कार्ड पंच करेपर्यंत परत घेतलेला असायचा. बारा वर्षांत इतके राजीनामे दिलेला माणूस अख्ख्या पट्ट्यात दुसरा नसेल. सोडून करणार काय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. गिटार घेतली होती, ती कपाटावर होती आणि तिच्यावर हिवाळ्याच्या गोधड्या होत्या.

बायकोला एकदा मी गाण्याचा अर्थ समजावून सांगितला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या लिहिणाऱ्याला चाकण माहीत आहे का?"

"अगं, तो आतल्या बंधनांविषयी बोलतोय."

"मग आतल्या आत बोल. आणि जाताजाता दळण टाकून ये."

बाईसमोर कलेचा विषय काढलाच का, म्हणून मी स्वतःवर चिडलो आणि दळण टाकून आलो.

तर एकदा सुविचाराची पाळी माझी आली. माझ्याकडं गुलाबाचं फूल आलं नव्हतं, किंवा आलं असेल, मी बघितलं नाही. मी बोर्डावर झोकात लिहिलं: ज्याला खरंच निघायचं आहे, त्यानं कोट खुंटीवरच राहू द्यावा आणि मागं वळून बघू नये. खणखणीत आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या, रोजच्या एवढ्याच. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पॉझिटिव्ह आहे." मी कुठंतरी शहारलोसुद्धा होतो, खोटं कशाला सांगू.

चहाच्या सुट्टीत, मी इन्चार्ज होतो त्या लाइनवरचा एक ऑपरेटर जवळ आला. लातूरकडचा गडी, लीक टेस्टिंगच्या, म्हणजे पीस गळतोय का ते तपासायच्या बेंचवर असायचा. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलेली. कामाला चोख, त्याच्या बेंचवरून फॉल्टी पीस पुढं गेलाय असं कधी झालं नाही. एकच खोड, लग्नसराई आली की सुट्टी मागायचा. गावाकडं त्याची बेंजो पार्टी होती, वरातीत वाजवायची, आणि बेंजो हाच वाजवायचा. मी दर वर्षी सुट्टी नाकारायचो आणि तो दर वर्षी मान हलवून बेंचवर जायचा. त्याला पर्मनंट करायची शिफारस मीच केली होती, पुढच्या महिन्यात लेटर येणार होतं. पर्मनंट म्हणजे काय ते इकडं मुलीच्या बापाला विचारा. पोराचं नाव विचारायच्या आधी तो हे विचारतो.

"सर, ह्ये कुठलं हाय?"

"इंग्रजी गाणं आहे एक."

"चाल कशी हाय त्येची?"

इतक्या वर्षांत मी त्या गाण्याचा अर्थ किती जणांच्या डोक्यावर थापला होता, पण चाल कुणी विचारली नव्हती. मी कानातलं काढून त्याला दिलं. त्यानं डोळे मिटले आणि कँटीनच्या टेबलावर बोटं चालवायला लागला. मग म्हणाला, "ठेका तर आपलाच हाय की, सर! वरातीला चालतंय." मला राग आला. माझ्या आत्म्याचं गाणं आणि म्हणे वरातीला! त्याला गाण्याची खोली कळावी म्हणून मी सुट्टी संपेपर्यंत अर्थ सांगितला. कोट म्हणजे ही नोकरी. खुंटी म्हणजे हे गेट, हे कार्ड, ही शिफ्ट. ज्याचं मन दुसरीकडं आहे त्यानं इथं सडू नये. आणि भरात येऊन शेवटी म्हणालो, "मीपण निघणारच आहे, बघ तू."

"खरं म्हणताव, सर?"

"म्हणजे काय!"

पुढच्या सोमवारी सकाळी बोर्डाशेजारच्या खिळ्याला एक युनिफॉर्मचा शर्ट टांगलेला होता. इस्त्री केलेला, खिशात ओळखपत्र. लीक टेस्टिंगचा बेंच रिकामा. शपथ झाली, सुविचार झाला, टाळ्या झाल्या, आणि माझं लक्ष त्या शर्टावरून हलेना.

पण चाकणमधून असं मागं न बघता जाता येत नाही, बरं का. गाणं लिहिणाऱ्याला क्लिअरन्स फॉर्म भरावा लागला नव्हता. आमच्याकडं हेल्मेट, सेफ्टी शूज आणि लॉकरची किल्ली जमा केल्याशिवाय माणूस मुक्त होत नाही. एचआरचा फोन गेला आणि तिसऱ्या दिवशी आमचा मुक्त माणूस पिशवीत बूट घेऊन हजर झाला. फॉर्मवर लाइन इन्चार्जची सही लागते, म्हणून माझ्याकडं आला. मी त्याला कँटीनच्या कोपऱ्यात बसवलं.

"अरे वेडा आहेस का? ते गाणं आहे! गाण्यातला कोट म्हणजे खरा कोट नसतो. तो अहंकार वगैरे असतो."

"त्या दिवशी तर नोकरी म्हणलाव."

"त्या दिवशी... अरे, अर्थ अनेक असतात. लेटर यायला एक महिना राहिलाय. एक महिना थांब, लेटर घे, मग बघ."

तो हसला. कुत्सित नाही, साधंच. म्हणाला, "एकदा लेटर घेतलं की निघणं व्हत न्हाई, सर. तुमाला ठावं हाय की."

हे त्यानं मला लागावं म्हणून म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो. पण त्याला वाटत होतं की आपण दोघं एकाच बाजूचे आहोत. मी खाली मान घालून फॉर्म ओढला आणि वाचला. 'नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: इन्चार्ज सरांनी दिलेला सुविचार.

आता बोला! बारा वर्षं मी वाट बघत होतो की हे गाणं कुणाला तरी समजावं. समजलं, आणि मला पहिली आठवण झाली ती माझ्या अप्रेझलची. मी पेन काढलं, त्या ओळीवर एक नाही, चांगल्या तीन रेघा मारल्या आणि म्हणालो, "इथं लिही, वैयक्तिक कारण." त्यानं का म्हणून विचारलं नाही. म्हणाला, "तुमाला अडचण नगं," आणि लिहिलं. मी सही केली. माणूस एवढा नालायक असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि कँटीनमध्ये पोहे होते म्हणून मी त्यानंतर पोहेही खाल्ले.

जाताना त्यानं विचारलं, "तुमी कवा, सर?"

"बघू. दिवाळीनंतर."

तरी एचआरला वास लागायचा तो लागलाच. तेव्हापासून आमच्याकडं सुविचार आदल्या दिवशी मेलवर मंजूर करून घ्यावा लागतो. बोर्डावर आता नुसती फुलंच फुलं आहेत.

या गोष्टीला चार दिवाळ्या झाल्या. मधल्या काळात मी सीनियर इन्चार्ज झालो, बसमधली खिडकी मात्र तीच. गाणं ऐकायचं कमी झालं होतं. चालू झालं की तो इस्त्रीचा शर्ट दिसायचा, मग मी बातम्या लावायचो.

गेल्या उन्हाळ्यात मोशीकडच्या एका लॉनवर बायकोच्या नात्यातलं लग्न होतं. गोरज मुहूर्त, सहाच्या सुमारास नवरदेव घोड्यावर, पुढं बेंजो पार्टी. नेहमीची दोन-चार गाणी झाली आणि मग जे सुरू झालं, त्यानं मी जागच्या जागी थिजलो. माझं गाणं! तेच, कडव्यासकट, बेंजोवर, खाली ताशा कडाडतोय. तोंडात रुमालाची टोकं धरून नवरदेवाचे मामा नाचत होते. दोन काकूंनी कोटाच्या ओळीवर फुगडी धरली. आणि सांगायला लाज वाटते, पण ते गाणं इतकं चांगलं मी कधीच ऐकलं नव्हतं.

बेंजो कोण वाजवतोय ते बघायला पुढं गेलो. तोच. अंगात जरीचा लाल कोट, पोट चांगलंच सुटलेलं, घामानं निथळतोय. मला बघितलं आणि बेंजो शेजाऱ्याच्या गळ्यात अडकवून धावत आला. "सर! वळखलाव का? आपली पार्टी हाय! ह्ये वाजवल्याबिगर वरात हलू देत न्हाई आपण." मग हात धरून म्हणाला, "तुमी कवा सोडली मग? काय करायलाव आता?"

त्याच्या डोळ्यांत इतका भरवसा होता की माझ्या तोंडून गेलं, "सोडली की. कधीच. आता आपलं... आपलं स्वतःचं."

बायको शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर नीट केला.

"मी म्हणलं नव्हतं व्हय!" तो पार्टीकडं वळून ओरडला. "आरं, ह्येच आपले सर! गाणं ह्यांचं हाय! ह्यांनीबी सोडली!" ताशेवाल्यानं मला सलाम ठोकला. त्यांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून उचललं, खास माझ्यासाठी, आणि मला मधे ओढलं. मी नाचलो. दोन्ही हात वर करून नाचलो. मामांनी रुमालाचं एक टोक माझ्या तोंडात दिलं.

जेवून निघालो. गाडीवर बायको मागं बसली होती. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार, आणि खरं म्हणजे सुटावा असंच वाटत होतं. मोशीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं खांद्यावरून वाकून अगदी हळू विचारलं, "उद्या डबा भरू का?"

सिग्नल सुटला. मी गिअर टाकला.

"भर," म्हणालो. "फर्स्ट शिफ्ट आहे."